शस्त्रक्रियेनंतरची सोबत

(वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर झालेल्या देणगीदार व हितचिंतकांच्या मेळाव्यात रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराचा जमाखर्च, बाह्यरुग्ण विभागातील उपस्थिती आणि यंत्रसामग्रीची खरेदी यांचा तपशील छापील अहवालात आपल्या हाती आहेच. त्याची उजळणी करून आपला वेळ आम्ही घेणार नाही. आज बोलावयाचे आहे ते एका अशा उपक्रमाविषयी, ज्याचे नाव ताळेबंदात कोठेही आढळणार नाही. वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतलेली आणि करून घेऊ इच्छिणारी मंडळी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपल्या तळमजल्यावर एकत्र बसतात. त्या बैठकीविषयी चार शब्द सांगावेत, अशी विश्वस्त मंडळाची आज्ञा झाली. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्राचे आमचे ज्ञान बिले तपासता तपासता झाले तेवढेच. तेव्हा या भाषणात जे वैद्यकीय आहे ते आमच्या डॉक्टरांनी तपासून दिले आहे, आणि ज्या चुका सांगितल्या आहेत त्या सर्वस्वी प्रशासनाच्या आहेत.

प्रथम एक खुलासा करणे भाग आहे. ही शस्त्रक्रिया आपल्या रुग्णालयात होत नाही. तेवढी साधने आणि तसे शल्यविशारद आपल्याकडे नाहीत, आणि उगाच आव आणण्यात अर्थ नाही. आपल्या उमेळे, नायगाव, जूचंद्र, पार नालासोपाऱ्यापर्यंतची मंडळी त्यासाठी मुंबईस जातात. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते, काही दिवसांत रुग्ण घरी येतो, आणि मग खरे आयुष्य सुरू होते ते येथे, आपल्या गावात. मुंबईच्या डॉक्टरांकडे तपासणीला तीन महिन्यांनी जायचे असते. आणि रात्री साडेनऊ वाजता घास छातीशी अडकला, तर शेजारी विचारायला कोणी नसते.

या बैठकीचा जन्म कोणत्याही ठरावातून झालेला नाही. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर एक भगिनी बसल्या होत्या. शस्त्रक्रिया होऊन चार महिने झाले होते आणि केस मुठीमुठीने गळत होते. आमच्या डॉक्टरांनी त्यांना समजावले की एवढ्या झपाट्याने वजन उतरले की असे होते आणि काही महिन्यांत केस पुन्हा येतात. त्यांनी मान हलविली. पण त्या बाहेर आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतेच. त्याच बाकावर दुसऱ्या एक बाई त्वचाविकारासाठी बसल्या होत्या. त्यांची शस्त्रक्रिया दीड वर्षापूर्वी झाली होती. त्यांनी काही न बोलता डोक्यावरचा पदर मागे सारून आपले केस दाखविले, आणि मोबाइलमधील तेव्हाचा फोटो दाखविला. नोंदणी खिडकीवरील आमच्या कर्मचाऱ्याने नंतर सांगितले, की त्या दोघी तेथे जवळजवळ दोन तास बोलत होत्या आणि त्वचाविकाराचा नंबर निघून गेला. डॉक्टरांनी सांगितले तेच त्या बाईंनी सांगितले होते. फरक एवढाच की त्या स्वतः त्यातून गेल्या होत्या.

आपल्या वसईला हा विषय तसा नवा नाही. आपल्याच वसईतील एका भगिनीचे वजन ३०० किलोच्या घरात गेले होते आणि काही वर्षे त्या अंथरुणालाच खिळून होत्या, ही बातमी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. पुण्याचे शल्यविशारद डॉ. शशांक शहा यांनी त्यांच्यावर दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया केल्या, पहिली २०१५ साली आणि दुसरी २०१७ साली. २०१९ साली त्यांचे वजन ८६ किलोवर आल्याचे वृत्तपत्रांनी ठळकपणे छापले. त्यांचे नाव आम्ही येथे घेत नाही. आमच्या बैठकीशी त्यांचा काही संबंध नाही. पण ती बातमी वाचून आपल्या परिसरातील कितीतरी घरांत प्रथमच या गोष्टीचा मोकळेपणाने उच्चार झाला, हे आम्ही पाहिले आहे. बातमीत दोन आकडे होते, ३०० आणि ८६. या दोन आकड्यांच्या मध्ये चार वर्षे होती. त्या चार वर्षांचे रोजचे जेवण, रोजची औषधे आणि रोजची उमेद वृत्तपत्राच्या मथळ्यात मावणारी नव्हती. आमची बैठक त्या मधल्या वर्षांसाठी आहे.

ज्यांना माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार आपल्याकडे विशेष प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. ‘बायपास’मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात. खाणे कमी होते. शिवाय भुकेची संप्रेरकेही बदलतात. हे श्रीमंतांचे सौंदर्यप्रसाधन आहे, असा समज अद्याप पुष्कळांचा आहे. आमचाही होता. परंतु स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्यांमधील मृत्यूंचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी असल्याचे दिसून आले. आपल्या विमा नियामक प्राधिकरणानेही २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार असल्यास, इतर उपाय थकल्यावर हा खर्च ग्राह्य धरण्याची अट घातली. देशाच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) बीएमआय २५ किंवा त्याहून अधिक असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २४ टक्के, तर पुरुषांचे २२.९ टक्के आढळले. त्यांपैकी शस्त्रक्रियेची गरज फार थोड्यांना असते. पण ज्यांना असते त्यांचे दुखणे खरे असते.

आता आमच्या पहिल्या बैठकीची हकीकत. ती सांगताना संकोच वाटतो, पण सांगितली पाहिजे.

आम्ही ती पहिल्या मजल्यावरील सभागृहात ठेवली. उद्वाहन त्या दिवशी बंद होते. जिना चढून आलेल्यांपैकी दोघांना दम लागून पायरीवर बसावे लागले. सभागृहातील खुर्च्या हात असलेल्या, प्लास्टिकच्या. त्यांत कोणी बसू शकेल की नाही, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता. तीन जण मागे भिंतीला टेकून उभे राहिले आणि ‘बसून बसून कंटाळा आला’ असे म्हणाले. आमच्या वजनकाट्याची मर्यादा १२० किलोची. काटा शेवटाला जाऊन थांबला, तेव्हा ज्यांचे वजन चालले होते त्यांच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. त्यावर कडी म्हणजे अल्पोपहार. सभा म्हटली की बटाटेवडा आणि गोड चहा, हा आपला रिवाज. कॅन्टीनला तीच ऑर्डर गेली. तासभर पडद्यावर चित्रे दाखवून भाषण झाले, प्रश्न विचारा म्हटले, कोणीही विचारला नाही. आम्ही समाधानाने दिवे मालविले.

आणि मग दरवाजाबाहेर, चपला घालता घालता, मंडळी बोलू लागली. खाली रिक्षा थांब्यापर्यंत बोलत गेली.

दुसऱ्या वेळी आम्ही बैठक तळमजल्यावर, रक्तपेढी शिबिरे भरतात त्या खोलीत घेतली. बिनहातांच्या, रुंद बैठकीच्या बारा लोखंडी खुर्च्या करवून घेतल्या. काटा बदलला आणि तो पडद्याआड ठेवला. भाषण रद्द केले. आमची आहारतज्ज्ञ आणि एक परिचारिका कोपऱ्यात बसतात. विचारल्याशिवाय बोलत नाहीत. परिचारिकेच्या मते हे काम वॉर्डातील रात्रपाळीहून अवघड आहे.

तेथे काय बोलणे होते? आमच्या कानांवर येते त्यातले सांगण्यासारखे तेवढे सांगतो. बाकीचे त्या खोलीतच राहावे असा नियम आहे.

जेवणाविषयी बोलणे होते, आणि ते पाककृतींपेक्षा आग्रहाविषयी अधिक असते. आपल्याकडे प्रेम पंगतीत व्यक्त होते. लग्नात यजमानीण वाढायला आली आणि पानात दोनच घास दिसले, तर तिला तो अपमान वाटतो. पोटात मात्र जागा लहान वाटीएवढी. अशा वेळी काय करावे? कोणी सांगते, ताट आधीच अर्धे भरून घ्यावे म्हणजे कोणाचे लक्ष जात नाही. कोणी सांगते, सासूबाईंना एकदा बैठकीला घेऊन यावे. नाताळातील फुगे, गणपतीतील मोदक, आपली वसईची सुकेळी, यांपैकी काय किती चालते, याची यादी कोणत्याही छापील आहारपत्रकात सापडत नाही. पत्रके बहुधा दुसऱ्या देशांतील खाण्यावर बेतलेली असतात. बायपास झालेल्या एका गृहस्थांनी पहिल्याच चतुर्थीला दोन मोदक खाल्ले. त्यानंतर घाम, धडधड, चक्कर आणि जुलाब. गोड पदार्थ आतड्यात एकदम उतरल्याने असे होते, हे त्यांना रुग्णालयात सांगितले होते. त्यांना ते कळले चतुर्थीला. आता प्रत्येक नव्या माणसाला ते ही हकीकत इतक्या रंगवून सांगतात, की मोदकाकडे बघण्याची कोणाची छाती होत नाही. प्रथिने आधी खावीत, भात शेवटी. जेवताना पाणी पिऊ नये, अर्धा तास थांबावे. आगाशीचे भुजिंग खायचेच झाले तर कोंबडी खावी आणि पोहे बाजूला सारावेत. हे शेवटचे शास्त्र आहारतज्ज्ञांना बैठकीतूनच मिळाले.

उपासाचा प्रश्न दर श्रावणात आणि चाळिसाच्या उपासकाळात येतो. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीत, हे ऐकून दरवेळी कोणीतरी खट्टू होते.

मग लोकलचा विषय. विरार लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मागण्याचा आपला अलिखित हक्क आहे. स्थूल माणसाशेजारी चौथा बसू शकत नाही, आणि मग डब्यातील नजरा आणि टोमणे. अनेकांनी सांगितले, की जागा रिकामी असूनही ते वर्षानुवर्षे दारापाशी उभ्याने प्रवास करीत. वजन उतरल्यावर एका भगिनीने प्रथमच चौथी सीट मागितली आणि शेजारणींनी सरकून जागा दिली. त्या दिवशी त्या चर्नी रोडला उतरायचे विसरल्या. हे सांगताना त्या हसत होत्या, आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्म्या रडत होत्या.

सगळेच बोलणे असे गोड नसते. सैल पडून लोंबणाऱ्या त्वचेविषयी बोलतात. वजन उतरल्यावर नवऱ्याला वाटू लागलेल्या संशयाविषयी बोलतात. अन्न हाच ज्यांचा विसावा होता, त्यांना तो गेल्यावर दुसरे काहीतरी लागते. कोणाला खरेदीचा नाद लागतो, तर कोणाला दारूचा, आणि बायपासनंतर दारू झपाट्याने चढते. मनाची घालमेल फार झाली तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास कमीपणा मानू नये, असे आमच्या डॉक्टरांचे आवर्जून सांगणे असते. ते बैठकीतले एखादे अनुभवी सांगतात तेव्हा अधिक लवकर पटते.

येथे दोन प्रसंग सविस्तर सांगावयाचे आहेत. पहिल्याचा आम्हाला अभिमान आहे. दुसऱ्याची खंत आहे.

एक गृहस्थ शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या महिन्यात बैठकीला आले. दोन-तीन आठवडे रोज उलट्या होत होत्या. हे असेच असते, असे त्यांनी मनाशी ठरविले होते. बोलता बोलता त्यांनी सहज सांगितले, की पायांना मुंग्या येतात आणि चालताना तोल जातो. खोलीत जुने असे चौघे होते. मुंबईच्या रुग्णालयातून मिळालेल्या कागदातली एक ओळ त्यांतील एका बाईंच्या लक्षात होती: सतत उलट्या आणि हातापायांना बधिरता आली तर थांबू नये. त्यांनी धीर दिला नाही, होईल बरे असे म्हटले नाही. त्या गृहस्थांना दंडाला धरून आमच्या आपत्कालीन कक्षात आणले. तो ब-१ जीवनसत्त्वाचा तीव्र अभाव होता. डॉक्टरांनी ग्लुकोजची बाटली लावण्याआधी त्या जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले, कारण क्रम उलटा झाला तर मेंदूला इजा होऊ शकते. आणि त्याच रात्री त्यांच्या मूळ शल्यविशारदांकडे रवाना केले. आज ते चालतात. तळपायांना थोडी बधिरता राहिली आहे. आणखी आठवडा गेला असता तर काय झाले असते, हे आमच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितले आणि आम्ही ते येथे सांगत नाही. त्यानंतर बैठकीचा एक नियम झाला. उलट्या, छातीत किंवा पोटात कळ, ताप, काळे शौच, मुंग्या किंवा तोल जाणे यांपैकी काहीही कोणी उच्चारले, की गप्पा तेथेच थांबतात आणि त्या माणसाला डॉक्टरांकडे नेले जाते. औषध कोणी कोणाला सुचवीत नाही. दुखण्यावरची साधी गोळीसुद्धा नाही. बायपास झालेल्या पोटात त्यांतील काही गोळ्या जखम करतात.

दुसरा प्रसंग. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात आम्ही खोलीत एक फळा लावला. कोणाचे किती किलो उतरले ते त्यावर लिहायचे आणि टाळ्या वाजवायच्या. फळ्याची कल्पना आमचीच; हिशेबी माणसाला आकडा दिसला की बरे वाटते. एक तरुण मुलगी त्या फळ्यावर वर्षभर पहिली होती. दुसऱ्या वर्षाअखेरीस तिचे वजन थोडे परत वाढू लागले. शस्त्रक्रियेनंतर दीड-दोन वर्षांनी काही वजन परत येणे अनेकांच्या बाबतीत घडते, त्यात अपराध काही नाही. पण फळ्यावरचा आकडा पुसून मोठा आकडा लिहिण्याची वेळ आली, त्या महिन्यापासून ती आली नाही. फळा आम्ही काढला. दोन पत्रे पाठविली, बैठकीतल्या दोघीजणी तिच्या घरी जाऊन आल्या. ती अद्याप आलेली नाही. जिला बैठकीची सर्वांत अधिक गरज होती, तिलाच आम्ही आमच्या फळ्याने दाराबाहेर घालविले, हे आम्हाला मान्य करावे लागते.

रुग्णांनी एकमेकांना आधार देण्याची ही रीत आम्ही शोधलेली नाही. १९०५ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब रुग्णांचे साप्ताहिक वर्ग सुरू केले. आरोग्यधामाचा खर्च न परवडणारे रुग्ण आपापल्या वह्या घेऊन येत आणि एकमेकांचे पाहून धीर धरीत. गंमत अशी, की तेथे वजन वाढले म्हणजे आनंद होई. १९६१ साली न्यू यॉर्कमधील जीन नायडेच या गृहिणीने सरकारी दवाखान्यातून आहाराचा तक्ता आणला. पण आपण चोरून बिस्किटे खातो, हे तिला तेथे सांगवेना. तिने मैत्रिणींना घरी बोलावून त्यांच्यापुढे ते कबूल केले. त्यातून पुढे वजन घटविणाऱ्यांची जगभर पसरलेली संघटना उभी राहिली. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनातून बाहेर आलेलीच माणसे पुढे इतरांना सावरू लागली, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. व्यसन आणि स्थूलपणा एक नव्हेत. पण लपविणे दोन्हीकडे सारखेच असते.

अशा गटांना नियमित येणाऱ्यांचे वजन अधिक उतरते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. आम्ही मात्र छातीठोकपणे तसे म्हणत नाही. जे नेटाने येतात ते मुळातच नेटाचे असू शकतील. बैठकीचे श्रेय किती आणि त्यांचे किती, हे वेगळे काढणे आमच्या हिशेबाच्या आवाक्याबाहेरचे आहे. २०२५ साली वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यावयाची नवी इंजेक्शनेही आपल्या देशात आली. मग बैठकीची गरज काय, असे एका हितचिंतकांनी विचारले. इंजेक्शन थांबविल्यावर पुष्कळांचे वजन परत येते, त्यामुळे ती मंडळीही आता आमच्याकडे येऊ लागली आहेत. खुर्च्या कमी पडतात.

आणि येथे पैशाचा विषय येतो. विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांनी सभेत रास्त प्रश्न विचारला, की या उपक्रमाची जमेची बाजू कोणती. जमेच्या बाजूला शून्य आहे. उच्च न्यायालयाच्या २००६ पासूनच्या योजनेनुसार आपण एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवतो आणि त्यातून गरीब रुग्णांचे उपचार होतात. तो निधी बिलावर चालतो; बैठकीचे बिल होत नाही. शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियम घ्यावे लागते, आणि निदान वर्षातून एकदा रक्ताची तपासणी करावी लागते. कर्ज काढून, दागिने मोडून शस्त्रक्रिया केलेले कुटुंब दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नेमकी हीच तपासणी टाळते, कारण माणूस दिसायला ठणठणीत असतो. बैठकीत आम्हाला कळते की कोणी गोळ्या एक दिवसाआड घेतो आहे. हे त्याने डॉक्टरांना कधीच सांगितले नसते.

म्हणून देणगीदारांना विनंती आहे, की या तपासण्या व गोळ्यांसाठी एक स्वतंत्र ठेव उभी करावी. तिच्या व्याजातून ज्यांना गरज आहे त्यांचा वार्षिक खर्च निघेल. आम्हाला याची जाणीव आहे, की यंत्रावर आपल्या मातापित्यांच्या नावाची पाटी लागते, खाटेवर लागते, पंख्यावरसुद्धा लागते. या देणगीची पाटी कोठे लावावी हे आम्हाला सुचलेले नाही. लाभार्थ्यांची नावे तर आम्ही आपल्यालाही सांगू शकणार नाही. ८०-जी ची पावती मात्र नेहमीप्रमाणे त्याच दिवशी मिळेल.

रुग्णांच्या घरच्या मंडळींना एक सांगणे आहे. त्यांच्या पानावर लक्ष ठेवू नका, आणि आग्रहही करू नका. त्यांना गोळ्यांची आठवण द्या, तपासणीच्या तारखेची आठवण द्या. बैठकीला सोबत आलात तर पहिला अर्धा तास आत बसावे. नंतर बाहेर चहाची सोय आहे. चहा बिनसाखरेचा मिळतो आणि बटाटेवडा मिळत नाही. केसपेपर काढावा लागत नाही, नाव लिहावे लागत नाही. मुख्य दाराने न येता डाव्या बाजूच्या, औषध दुकानाजवळील दाराने आल्यास पायऱ्या लागत नाहीत. तेथे पाटी नाही, पहारेकऱ्यास विचारावे. अधिक आठ खुर्च्यांची ऑर्डर गेल्या आठवड्यात दिली आहे.